परिक्रमेच्या वाटेवर घराची ओढ : एक चिंतन

नर्मदा परिक्रमेचा संकल्प करणारा यात्रेकरू निघण्यापूर्वी पुष्कळ तयारी करतो. अंथरूण-पांघरूण, काठी, कमंडलू, पूजेचे साहित्य, नर्मदाजलाची कुपी, चार औषधे आणि ओळखपत्र एवढे बरोबर घेतले की झोळी भरते. वाटेतील मुक्काम, थंडी, उन्हाळा, पायांना येणारे फोड यांविषयी तो अनुभवी मंडळींना आवर्जून विचारून घेतो. एका गोष्टीविषयी मात्र तो सहसा विचारत नाही, आणि कोणी आपण होऊन सांगतही नाही. ती गोष्ट म्हणजे घराची ओढ.

सुरुवातीचे दिवस उत्साहात जातात. पुढे पाय चालण्याला सरावतात, नवलाई ओसरते आणि एखाद्या दिवशी दिवेलागणीच्या वेळी, अनोळखी गावातील धर्मशाळेच्या ओसरीवर आसन लावलेले असताना, मन एकाएकी घराकडे धाव घेते. नातवाचा आवाज कानांत घुमतो. आपल्या घरी या वेळी देवापुढे दिवा लागला असेल, आमटीला फोडणी बसली असेल, असे वाटून जीव कासावीस होतो. यात्रेकरूचे दुःख येथे दुहेरी होते. ओढीचे दुःख असतेच. त्यात लाजेची भर पडते. आपण मैयाच्या सेवेसाठी निघालो आणि मन मात्र आपल्या अंगणात घुटमळते; मग आपली भक्ती कच्ची म्हणावी काय, हा प्रश्न तो स्वतःला विचारतो आणि सोबत्यांपासून लपवतो. या प्रश्नाचा विचार शांतपणे व्हावा, यासाठी हे चिंतन.

वाटच अशी आहे

प्रथम ही वाट कशी आहे ते पाहू. नर्मदा अमरकंटक येथे उगम पावते आणि १,३१२ किलोमीटरचा प्रवास करून भरूचच्या पुढे खंबातच्या आखातात सागराला मिळते. दोन्ही तटांनी चालायचे म्हणजे अडीच हजार किलोमीटरहून अधिक अंतर होते. परंपरेने ही परिक्रमा ३ वर्षे, ३ महिने आणि १३ दिवसांची सांगितली आहे. तीत चातुर्मासात एके ठिकाणी मुक्काम करावयाचा असतो. आज पायी जाणारे बहुसंख्य यात्रेकरू कार्तिकी एकादशीनंतर निघून चार ते सहा महिन्यांत ती पूर्ण करतात. नदी सदैव उजव्या हाताला ठेवायची आणि सागरसंगमावाचून तिचे पात्र कोठेही ओलांडायचे नाही, हा मुख्य नियम होय.

हा नियम घराच्या ओढीची कशी परीक्षा पाहतो, ते चाललेल्यांनाच ठाऊक. ओंकारेश्वरला दक्षिण तटावर संकल्प सोडून निघालेला यात्रेकरू पश्चिमेकडे चालत समुद्रापर्यंत जातो, संगमावर नावेने उत्तर तटास येतो आणि पूर्वेकडे चालत पुन्हा ओंकारेश्वराच्या समोरच्या बाजूस पोहोचतो. आपण जेथून निघालो तो परिसर पलीकडच्या तीरावर असतो. पात्र ओलांडता आले असते, तर दुसऱ्या दिवशी खांडव्याहून गाडी मिळाली असती. परंतु अर्ध्याहून अधिक परिक्रमा अजून बाकी असते. अमरकंटकपर्यंत जाऊन दक्षिण तटाने परत यायचे असते. घर दूर असते तेव्हाच्या ओढीपेक्षा, ते जवळ दिसूनही तेथे जाता येत नाही तेव्हाची ओढ अधिक कठीण असते.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या भाविकांची आणखी एक परीक्षा असते. दक्षिण तटावरील वाट काही अंतर नंदुरबार जिल्ह्यातून जाते. कित्येक दिवस हिंदी, निमाडी ऐकल्यानंतर कानांवर मराठी शब्द पडतात, दुकानांवरील पाट्या मराठीत दिसू लागतात आणि रस्त्याने लाल एस.टी. धावताना दिसते. हात वर केला की ती थांबणार असते. अशा क्षणी डोळ्यांत पाणी आले, तर त्यात नवल ते काय?

शास्त्र आणि संत काय सांगतात

भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत अनासक्ती आहे आणि पुत्र, पत्नी, घर इत्यादींत गुंतून न पडणे आहे. बाराव्या अध्यायात भक्ताला अनिकेत, म्हणजे घरात न अडकलेला, असे म्हटले आहे. या वचनांचा आधार घेऊन काही जण म्हणतात की, ज्याला घर आठवते त्याने परिक्रमेला येऊच नये. हा अर्थ घाईचा आहे. गीता गुंतून पडण्याचा निषेध करते. प्रेमाने आठवण काढणे तिने कोठेही निषिद्ध मानलेले नाही. अर्जुनाला तिने आपल्या माणसांना विसरण्यास सांगितले नाही, कर्तव्यात उभे राहण्यास सांगितले.

महाभारताच्या वनपर्वातील यक्षप्रश्नांचा प्रसंग सर्वांना परिचित आहे. खरा सुखी कोण, या प्रश्नाला युधिष्ठिर जे उत्तर देतो त्याचा भाव असा की, ज्याच्या डोक्यावर ऋण नाही आणि ज्याला परगावी राहावे लागत नाही, असा मनुष्य पाचव्या-सहाव्या दिवशी का होईना, आपल्या घरी साधी भाजी शिजवून खात असेल, तर तोच सुखी. हे उत्तर देणारा युधिष्ठिर बारा वर्षांच्या वनवासाच्या अखेरीस आलेला आहे. त्याचे चारही भाऊ तळ्याकाठी निश्चेष्ट पडले आहेत. धर्मराज म्हणून ज्याला मान, त्याला त्या घटकेस सुख म्हणून आठवते ती आपल्या चुलीवरची भाजी! घराची किंमत जाणणे हे अधर्माचे लक्षण असते, तर हे उत्तर यक्षाने मान्य केले नसते. त्याच संवादात प्रवाशाचा मित्र कोण, असाही प्रश्न आहे. आणि वाटेवरचे सोबती हेच त्याचे मित्र, असे उत्तर आहे. त्या उत्तराचा उपयोग आपल्याला पुढे होणार आहे.

भागवताच्या दशम स्कंधात तर प्रत्यक्ष भगवंत मथुरेला गेल्यावर गोकुळाची आठवण काढतात आणि नंद-यशोदा व गोपींचे सांत्वन करण्यासाठी उद्धवाला पाठवतात. मथुरेत त्यांना काय उणे होते? तरीही ज्या घरी वाढलो, त्या घराचा विसर पडू न देणे त्यांनी उचित मानले.

आपल्या वारकरी संतांनी याही पुढचे पाऊल टाकले. पंढरीला त्यांनी माहेर म्हटले आणि विठ्ठलाला माउली. सासरी नांदणाऱ्या लेकीला माहेराची जी ओढ असते, तीच भाषा त्यांनी भक्तीसाठी निवडली. माहेराच्या वाटेकडे डोळे लावून बसणे, कोणी माहेरचे माणूस भेटले तर गहिवरणे, निरोप आला की हरखून जाणे, हे सारे घराच्या ओढीचेच रूप होय. देवाविषयीचे प्रेम सांगण्यास संतांना याहून समर्थ भाषा सापडली नाही. ज्या ओढीला संतांनी भक्तीच्या सिंहासनावर बसवले, तिची यात्रेकरूने लाज का बाळगावी? नर्मदेला आपण मैया म्हणतो. आई या शब्दाची गोडी ज्याने घरी चाखली, त्यालाच त्या हाकेचा अर्थ कळतो.

आठवण आणि आसक्ती

मग घराच्या ओढीत जपण्यासारखे काहीच नाही काय? आहे. आठवण आणि आसक्ती एकाच दारातून आत येतात, म्हणून त्यांची पारख करावी लागते. त्यासाठी एक सोपी कसोटी सांगता येईल. घराची आठवण आल्यावर, ज्या दुसऱ्याच्या दारात आपण त्या वेळी उभे आहोत, ते दार आपल्याला कसे दिसते?

समजा, डोंगरातील एखाद्या पाड्यावर एका माउलीने जाड भाकरी आणि मिरचीची चटणी पानात वाढली. त्या वेळी घरच्या ताटाची आठवण झाली. एकाच्या मनात येते, “आमच्याकडे असे जेवण नसते.” भाकरी घशाखाली उतरत नाही आणि वाढणारीकडे त्याचे लक्षही जात नाही. दुसऱ्याच्या मनात येते, “माझी आईही अशीच चुलीपुढे बसून दुसऱ्यांना आधी वाढत असे.” त्याला ती भाकरी गोड लागते आणि वाढणारीच्या पायांवर डोके ठेवावेसे वाटते. आठवण दोघांनाही आली. पहिल्याची आठवण भिंत झाली, दुसऱ्याची खिडकी. पहिलीला आसक्ती म्हणावे. दुसरीला आसक्ती म्हणता येत नाही.

म्हणून घर आठवले की स्वतःला दोष देऊ नये. त्या आठवणीने आपण अधिक कृतज्ञ होत आहोत की अधिक तक्रारखोर, एवढेच पाहावे. पहिले होत असेल, तर आठवण हीच साधना आहे. दुसरे होत असेल, तर सावध व्हावे.

ज्यांना घराची ओढ फारशी वाटत नाही, अशीही माणसे परिक्रमेत भेटतात. कोणाचे घर मोडलेले असते, कोणाला घरी दुःखच मिळालेले असते. त्यांना वैराग्यशील म्हणून मोठे करू नये आणि कोरडे म्हणून हिणवूही नये. प्रत्येकाचे ओझे निराळे असते.

परत जावे काय?

याहून कठीण प्रश्न कर्तव्याचा आहे. घरून निरोप येतो की वडील अंथरुणाला खिळले आहेत, किंवा सुनेला दिवस भरत आले असून घरी दुसरे कोणी नाही. अशा वेळी संकल्प मोठा की घर? अनेक यात्रेकरू या ठिकाणी घुटमळतात. संकल्प मोडला तर मैया कोपेल, अशी भीती काहींच्या मनात असते.

येथे पंढरीची कथाच आपल्याला मार्ग दाखवते. साक्षात परमात्मा दारी आला असता पुंडलिक आई-वडिलांच्या सेवेतून उठला नाही. त्याने वीट पुढे केली आणि देव तीवर उभा राहिला. देवाने पुंडलिकाला शाप दिला नाही. त्या विटेलाच आपले पीठ केले. ज्या देवाने सेवेसाठी थांबणे मान्य केले, तो सेवेसाठी परत जाणाऱ्यावर कसा रागावेल? खरे कर्तव्य हाक मारत असेल, तर मैयाला नमस्कार करून निःशंक मनाने परतावे. खंडित झालेली परिक्रमा पुढे पूर्ण करणारे, तसेच ती टप्प्याटप्प्याने करणारे भाविक पुष्कळ आहेत.

मात्र हाक कर्तव्याची आहे की केवळ कंटाळ्याची, हे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. त्यासाठी एक जुनी व्यवहारी रीत चांगली आहे. थकलेल्या संध्याकाळी निर्णय घेऊ नये. जेवावे, झोपावे, सकाळी स्नान व पूजा करावी आणि मग विचार करावा. रात्री डोंगराएवढी वाटलेली गोष्ट पुष्कळदा सकाळी उरत नाही. जी सकाळीही तेवढीच ठाम उरते, तिचे मात्र ऐकावे.

याच प्रश्नाची दुसरी बाजू निघण्यापूर्वीची आहे. आपण चालतो तेव्हा आपल्या वाट्याचा संसार कोणीतरी घरी ओढत असते. त्या माणसाची मनापासून संमती घेतल्यावाचून निघणे म्हणजे आपल्या पुण्याचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकणे होय. संमतीने निघालेल्याला घर आठवते तेव्हा वियोग जाणवतो. संमतीवाचून निघालेल्याला घर आठवते तेव्हा अपराध टोचतो, आणि त्यावर वाटेत औषध नाही.

वाटेवरचे काही उपाय

अनुभवी परिक्रमावासी जे सांगतात, त्यातील काही गोष्टी येथे देत आहोत.

शरीर थकले, पोट रिकामे असले, झोप अपुरी झाली की मन आधी घराकडे पळते. म्हणून फार उशिरापर्यंत चालू नये. ऊन उतरण्यापूर्वी मुक्काम शोधावा, हातपाय धुवावेत, आरती करावी. कातरवेळ एकट्याने बसून घालवू नये. मंदिरात झाडलोट करावी, पाणी भरावे, भाजी निवडू लागावी. हात कामात असले म्हणजे मन जागेवर राहते.

घरी बोलण्याची वेळ ठरवून घ्यावी. आज प्रत्येकाच्या झोळीत मोबाइल असतो. दिवसातून दहा वेळा घरी फोन करणारा यात्रेकरू ना धड घरी असतो, ना धड तीरावर. विजेच्या देयकापासून भाजीच्या भावापर्यंत सर्व चौकशी तो चालता चालता करतो आणि उजव्या हाताला मैया वाहते आहे, हे त्याला दिसत नाही. उलट मुळीच न बोलण्याचा हट्ट घरच्यांना काळजीत टाकतो. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी थोडे बोलावे. आपल्या तक्रारी कमी सांगाव्यात आणि त्यांचे अधिक ऐकावे.

सण आले की ओढ वाढते. संक्रांत, होळी, गुढीपाडवा हे सण बहुधा वाटेतच येतात. ते चुकले म्हणून खंत करण्यापेक्षा जेथे असू तेथे करावेत. संक्रांतीला यजमानांच्या मुलांना तिळगूळ द्यावा. सदाव्रतात कोरडा शिधा मिळाला, तर एखादे दिवशी पिठले-भाकरी करून सोबत्यांना वाढावी. आपल्या घरची चव दुसऱ्याच्या पानात पडली की घर दूर वाटत नाही.

शेवटचे म्हणजे, ओढ लपवू नये. वाटेवरचे सोबती हेच प्रवाशाचे मित्र, हे धर्मराजाचे उत्तर येथे कामी येते. मनातले सोबत्याला सांगितले, तर बहुधा त्याच्याही मनात तेच असल्याचे कळते. मात्र कित्येक दिवस अन्न गोड लागत नाही, झोप येत नाही, जगण्यातच रस उरला नाही असे वाटत असेल, तर ती केवळ ओढ समजू नये. सोबत्यांना, घरच्यांना सांगावे आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

ज्यांना परतण्यास घर उरले नाही

परिक्रमावासीयाला घराची ओढ वाटते तेव्हा त्याला एक गोष्ट ठाऊक असते : घर जागेवर आहे. ज्यांच्या दारी तो जेवतो, त्या सर्वांचे तसे नाही. खांडवा जिल्ह्यातील हरसूद हे गजबजलेले गाव २००४ मध्ये इंदिरा सागर धरणाच्या जलाशयासाठी रिकामे करावे लागले. सरदार सरोवर प्रकल्पाचे लोकार्पण २०१७ मध्ये झाले आणि २०१९ मध्ये तो जलाशय प्रथमच पूर्ण पातळीपर्यंत भरला. परिक्रमेची जुनी वाट कित्येक ठिकाणी पाण्याखाली गेली. तीरावरील गावांतील घरे, शेते, मंदिरे आणि घाटही गेले. धरणांचे पाणी शेताशेतांत आणि घराघरांत पोहोचले, हे खरे. आणि काहींना त्यासाठी आपले गाव सोडावे लागले, हेही तितकेच खरे.

त्या विस्थापित वस्त्यांतूनही परिक्रमावासीयाला हाक येते, “नर्मदे हर! महाराज, चहा घेऊन जा.” ज्यांची चूल नव्या जागी मांडावी लागली, ते त्या चुलीवर अनोळखी वाटसरूसाठी चहा ठेवतात. त्यांना आपले गाव आठवत नसेल काय? ते आठवते, आणि तरीही त्यांचे दार उघडे आहे. घराच्या ओढीचे यापेक्षा थोर रूप दुसरे कोणते असेल? आपली ओढ घेऊन खिन्न बसलेल्या यात्रेकरूने अशा अंगणात दोन घटका बसावे, आणि आपले सांगण्याऐवजी त्यांच्या गावाविषयी विचारावे.

येथे दात्यांच्या कार्याचेही स्मरण होते. चौंडीसारख्या छोट्या गावात १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकर पुढे नर्मदातीरी महेश्वर येथे राहून राज्य करू लागल्या. पती, सासरे आणि पुत्र यांचे वियोग त्यांनी सोसले. ज्यांचे घर असे एकेक माणसाने रिते होत गेले, त्यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत वाटसरूंसाठी घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभी केली. भक्तनिवासातील एक खोली, अन्नछत्रातील एक पंगत, पाणपोईवरील एक रांजण यासाठी जो दान देतो, तो घरापासून दूर असलेल्या कोणाला तरी एका रात्रीचे घर देतो. आपल्या देणगीचा हा अर्थ दात्यांनी ध्यानी ठेवावा, आणि अशा ठिकाणी उतरणाऱ्या यात्रेकरूनेही ध्यानी ठेवावा. खोली सोडताना केर काढून, चादरीची घडी घालून जावे. पुढच्या वाटसरूचे घर आपण नीट करून ठेवले, असे समाधान त्यात आहे.

परिक्रमा पूर्ण झाली, कन्यापूजन झाले, कढाई झाली, की यात्रेकरू घरी परततो. इतके महिने ज्या उंबरठ्यासाठी जीव तळमळला, तो उंबरठा तो ओलांडतो. पहिले काही दिवस त्याला घरातही चुकल्यासारखे होते; छप्पर जड वाटते आणि मैयाचा तीर आठवतो. तेव्हा त्याला कळते की, आता ओढ दोन्हीकडे आहे. अशा वेळी करण्यासारखी गोष्ट एकच. आपल्या गावावरून कोणी वारकरी, कोणी परिक्रमावासी, कोणी परप्रांतीय मजूर जात असेल, तर त्याला हाक मारावी, पाणी द्यावे आणि घरी कोण कोण आहे, असे विचारावे. त्याला त्या घटकेस काय वाटत असते, हे आपल्याला ठाऊक असते. ज्या अनोळखी माउल्यांनी आपल्याला वाढले, त्यांचे ऋण त्यांच्याकडे परत नेऊन फेडता येत नाही. ते असेच पुढच्याला देऊन फेडावयाचे असते.

मैया सर्वांना सुखरूप घरी पोहोचवो, आणि ज्यांचे घर वाटेतच राहिले त्यांना आपल्या तीरावर ठाव देवो, हीच प्रार्थना.

नर्मदे हर!